परतीची तारीख: मुलांच्या ताब्याच्या खटल्यांची चाळीस वर्षे



मंडळाच्या मदत-फोनचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. फोन बहुतेक साधे असतात. सत्यनारायणासाठी गुरुजींचा नंबर, आईवडिलांच्या व्हिजिटर विम्याची माहिती, गणपतीची शाडूची मूर्ती कुठे मिळेल, असे. मे महिना जवळ आला की आणखी एक मागणी वाढते: मुलांना घेऊन एकटीच भारतात निघालेल्या आईला नवऱ्याच्या सहीचे संमतिपत्र हवे असते. विमानकंपनी कधी विचारते, कधी विचारत नाही, पण जवळ असलेले बरे. त्याचा नमुना मी फायलीत ठेवला आहे. तीन ओळी, खाली सही, नोटरीचा शिक्का.

दोन वर्षांपूर्वी एका भगिनीने असाच नमुना मागितला, आणि मग जरा थांबून विचारले, "ताई, यात परतीची तारीख लिहायलाच हवी का?" त्या वेळी मला प्रश्नाचा रोख कळला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी एका वेगळ्याच कुटुंबातल्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी सही केली होती, तिकिटेही स्वतः काढून दिली होती. सुटी संपली, शाळा सुरू झाली, पण पत्नी आणि मुलगी परतल्या नाहीत. ते म्हणाले, "इथले वकील याला अपहरण म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणतात, लेक माहेरी आली आहे."

दोघेही आपल्या मंडळाचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी वकील नाही, माझी पीएच.डी. रसायनशास्त्रातली आहे. तरी निकालपत्रे वाचता येतात. काय घडले, कधी घडले, त्यावरून काय ठरवले, हे त्यात क्रमाने लिहिलेले असते. हिवाळ्यातल्या रविवारी मी ती वाचत बसले. त्यातून जे उमजले ते वाचकांपुढे ठेवते आहे. कोणाला सल्ला देण्याचा हेतू नाही, आणि प्रत्यक्ष अडचण आली तर वकिलाकडेच जावे. मुलांची नावे मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. ती आता मोठी माणसे आहेत.

सुरुवात पुण्यापासून करू, कारण अमेरिकेतून भारतात आणलेल्या मुलाचा सर्वांत जास्त वेळा उद्धृत होणारा खटला पुण्याशीच जोडलेला आहे. 'एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ' या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. पत्नी अमेरिकन, पती पुण्याच्या पारशी घरातला. मिशिगनमध्ये शिकताना भेट झाली, १९७२ मध्ये लग्न झाले, १९७८ मध्ये मुलगा झाला. पुढे पटले नाही. १९८२ मध्ये मिशिगनमधल्या सॅगिनॉ काउंटीच्या कोर्टाने घटस्फोट मंजूर केला, मुलाचा ताबा आईला दिला आणि वडिलांना भेटीचे हक्क दिले. त्यात एक अट होती की मुलाला देशाबाहेर न्यायचे असेल तर आधी कोर्टाकडे अर्ज करायचा. जानेवारी १९८६ मध्ये वडिलांनी शनिवार-रविवारच्या भेटीसाठी मुलाला शाळेतून घेतले आणि ते भारतात निघून आले. मुलगा पुण्यात आजी-आजोबांकडे पोहोचला.

आईने थेट आपल्या सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. त्या काळी एका परदेशी बाईने हे करावे याचे मला आजही आश्चर्य वाटते. ११ नोव्हेंबर १९८६ रोजी न्या. बालकृष्ण एराडी आणि न्या. ठक्कर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. न्यायमूर्तींनी आठ वर्षांच्या त्या मुलाशी आपल्या दालनात बोलून पाहिले. इतक्या लहान वयात त्याला स्वतंत्र मत बनवता येणार नाही, असे त्यांचे मत झाले. वडिलांच्या वागण्यावर त्यांनी कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि मुलाला आईबरोबर मिशिगनला परत पाठवले.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९८४ मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड (हेही पुण्याचेच) यांनी सुरिंदर कौर संधू यांच्या खटल्यात हीच दिशा आखून दिली होती. तिथे मुलगा इंग्लंडमध्ये जन्मलेला होता, वडिलांनी त्याला पंजाबात आणले होते. आई इंग्लंडमध्ये परक्या देशात एकटी, इथे मात्र भरल्या घरात आजी-आजोबा आहेत, या विचाराने हायकोर्टाने आईला नकार दिला होता. हा विचार आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडच्या किती बैठकांत तो ऐकू येतो! चंद्रचूडांनी तो मानला नाही. ज्या देशात नवराबायकोने संसार मांडला, जिथे मूल वाढले, त्या देशाचा या प्रश्नाशी सर्वांत जवळचा संबंध आहे, तेव्हा तिथल्या कोर्टाचे म्हणणे आधी, असे त्यांनी सांगितले.

या दोन निकालांवर थांबले तर चित्र सोपे वाटते: मूल जिथून आणले तिथे परत. दोन्हीकडे मूल उचलून आणणारा बाप होता आणि दाद मागणारी आई होती, हेही लक्षात ठेवा. न्यायाधीशांचे मन कोणाकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग आला तिसरा खटला. तो खऱ्या अर्थाने आपला, कारण दोन्ही आडनावे मराठी. 'धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे', निकाल ४ नोव्हेंबर १९९७. लग्न १९८२ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात झाले. मुलगा मार्च १९८३ मध्ये झाला. बाळ अवघे पस्तीस दिवसांचे असताना आई त्याला घेऊन घराबाहेर पडली, आणि १९८४ मध्ये भारतात आली. पुढे मुंबईत राहून तिने त्याला वाढवले. अमेरिकेतल्या कोर्टाने ताबा वडिलांना दिला होता. भारतात खटला सुरू झाला आणि चालतच राहिला. मुंबई हायकोर्टापर्यंत निकाल आईच्या विरुद्ध गेला, म्हणून ती दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेली. तोपर्यंत ते पस्तीस दिवसांचे बाळ चौदा वर्षांचे झाले होते.

हे वाचताना मी मध्येच थांबून हिशेब केला. ओमाहा सोडले तेव्हा अमेरिकेत रेगन अध्यक्ष होते, निकाल लागला तेव्हा क्लिंटन यांची दुसरी कारकीर्द चालू होती. मधल्या काळात मुलगा बसायला, चालायला, बोलायला शिकला, शाळेत गेला. हे सारे मुंबईत. त्याला अमेरिकेला 'परत' पाठवा म्हणायचे, तर परत म्हणजे कुठे?

न्या. जगन्नाथ राव यांनी निकाल लिहिला. त्यांनी आधार घेतला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या १९५१ मधल्या मॅकी खटल्याचा. त्यात आईवडील दोघेही अमेरिकन होते, कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ताबा आईला दिला होता, आणि वडील मुलाला घेऊन १९४६ च्या नाताळाच्या सुमारास कॅनडातल्या ऑन्टारिओत निघून गेले होते. वर्षे गेली, वरच्या कोर्टांत निकाल खालीवर झाला, आणि शेवटी प्रिव्ही कौन्सिलने मुलगा वडिलांकडेच ठेवला. परदेशी कोर्टाच्या हुकमाला मान द्यायचा, पण तो बंधनकारक नाही, आणि मुलाचे हित आज कशात आहे हे समोरच्या न्यायाधीशाने स्वतः ठरवायचे, हे त्यातले सूत्र. जगन्नाथ रावांनी ते उचलले आणि त्याला एक जोड दिली. दाद मागणारा पालक लगेच कोर्टात आला असेल तर थोडक्यात चौकशी करून मुलाला परत पाठवता येते. पण काळ लोटला असेल, मूल नव्या जागी रुजले असेल, तर संपूर्ण चौकशी करावी लागते. वडिलांची ऐपत जास्त आहे, तेवढ्यावर ताबा ठरत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. मुलगा आईकडे राहिला.

न्याय झाला का? आईच्या बाजूने विचार केला तर नक्की झाला. पण ज्या बापाने आपल्या मुलाला पस्तीस दिवसच घरात पाहिले, त्याला काय वाटले असेल, हा विचारही मनातून जात नाही. प्रयोगशाळेत एखादा नमुना चौदा वर्षे बाटलीत ठेवून मग त्याचे विश्लेषण केले, तर हाती येणारे आकडे अचूक असतात, पण ते मूळ नमुन्याबद्दल फार थोडे सांगतात. १९८३ मध्ये ओमाहात कोण चुकले होते, या प्रश्नाला १९९७ मध्ये उत्तर देऊन उपयोग उरला नव्हता. तो प्रश्न कोर्टाने सोडवला नाही, काळाने तो बाद केला.

मला वाटते या साऱ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे. आपण समजतो की असे खटले देशांच्या कायद्यावर ठरतात, आई श्रेष्ठ की बाप यावर ठरतात. प्रत्यक्षात कॅलेंडरचा वाटा फार मोठा आहे. पुण्याच्या खटल्यात दहा महिने गेले होते, मुंबईच्या खटल्यात चौदा वर्षे. दोन्ही निकालांत शब्द एकच, 'मुलाचे हित', आणि उत्तरे उलट.

जगानेही काळाचे हे महत्त्व ओळखले होते. ऑक्टोबर १९८० मध्ये हेग इथे आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. मूल बेकायदा दुसऱ्या देशात नेले आणि एका वर्षाच्या आत अर्ज केला, तर ताब्याच्या वादात न शिरता मूल परत पाठवायचे, वाद मूळ देशात मिटवायचा. वर्ष उलटून गेले आणि मूल नव्या जागी स्थिरावले, तर गोष्ट वेगळी. परत गेल्याने मुलाला गंभीर धोका असेल तरीही नकार देता येतो. अमेरिकेत हा करार १ जुलै १९८८ पासून लागू झाला, म्हणजे पुण्याच्या निकालाच्या वेळी तो अमेरिकेतही लागू नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेने पुढचे पाऊल टाकले. सोळा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी देशाबाहेर नेणे किंवा बाहेर ठेवून घेणे हा केंद्रीय गुन्हा ठरला, त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. पण याच कायद्यात घरातल्या मारहाणीपासून पळ काढला होता, हा बचाव मान्य केलेला आहे. ही बाब आपल्याकडच्या फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

भारताने हेग करारावर सही केलेली नाही. २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २१८ व्या अहवालात सही करा असे सुचवले. २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही दिला. न्या. राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. हे लिहीपर्यंत तरी कायदा झालेला नाही. दुसरीकडे २०१४ च्या गोल्डमन कायद्यानंतर अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरवर्षी अहवाल काढते आणि मुले परत न पाठवणाऱ्या देशांत भारताचे नाव वारंवार येते.

सही का नाही? याचे उत्तर आपल्या मंडळातच आहे, असे मी म्हणेन. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यांपुढे होता मूल पळवणारा बाप, पुण्याच्या खटल्यातल्यासारखा. पण पुढच्या वर्षांत भारतातल्या कोर्टांसमोर मूल घेऊन आलेल्या आया वाढत गेल्या. त्यांतल्या अनेकजणी एच-४ व्हिसावर आलेल्या. कित्येक वर्षे या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. २०१५ पासून काहींना ती मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाची गाडी पुढे सरकली असेल तरच. बँकेचे खाते नवऱ्याच्या नावावर, गाडी चालवता येत नाही, नवऱ्याची नोकरी गेली की बायकोचाही व्हिसा गेला. अशा बाईने मारहाण सोसावी की तान्ह्या पोराला घेऊन आईकडे जावे? आणि गेली तर तिला 'अपहरणकर्ती' म्हणायचे? भारतातल्या महिला संघटनांचा या कराराला विरोध याच कारणाने आहे, आणि मला तो पटतो. मात्र एवढेही खरे की माहेरी गेलेली प्रत्येक बाई मार खाऊन गेलेली नसते. काही वेळा भांडण साधे असते आणि मूल हे हत्यार होते. फोनवर दोन्ही प्रकार ऐकले आहेत.

कोर्टांचीही अशीच ओढाताण झाली. २००० मध्ये टेक्सासहून मुले घेऊन आलेल्या सरिता शर्मा यांच्या बाजूने सुप्रीम कोर्ट उभे राहिले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या रविचंद्रन खटल्यात चित्र उलटे झाले. आई मुलाला घेऊन २००७ मध्ये आली होती, आणि दोन वर्षे पोलिसांना ती सापडत नव्हती. शेवटी सीबीआयला कामाला लावावे लागले. दोन वर्षे झाली खरी, पण मूल एका गावी, एका शाळेत टिकलेच नाही, ते रुजले कुठे, असे म्हणून कोर्टाने मुलाला अमेरिकेला पाठवले. म्हणजे नुसता काळ जाऊन चालत नाही, त्या काळात मुलाला घर मिळाले पाहिजे. लपूनछपून काढलेली वर्षे मोजली जात नाहीत.

२०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. निकाल लिहिला न्या. अजय खानविलकर यांनी. परदेशी कोर्टाने आधी हुकूम दिला म्हणून मूल परत, हा नियम त्यांनी नाकारला. मुलाचे हित सर्वांत वर, परदेशी हुकूम हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. थोडक्यात १९९७ चा जोशी-उंडे निकाल पुन्हा पक्का झाला. अनेकांना वाटले, आता भारतात पोहोचले की झाले. तसे झाले नाही. २०२० च्या जानेवारीत यशिता साहू खटल्यात व्हर्जिनियाहून आणलेल्या मुलीला परत पाठवण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका मुलाला वडिलांबरोबर परत जाऊ देताना कर्नाटक हायकोर्टाने कोविडसंबंधी घातलेल्या अटी सुप्रीम कोर्टाने काढून टाकल्या. तो निकाल लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९८४ च्या निकालाच्या यशवंतरावांचे चिरंजीव. छत्तीस वर्षांनी तोच प्रश्न पुढच्या पिढीपुढे आला होता.

आता पुन्हा संमतिपत्राकडे येते. जानेवारी २०२२ मध्ये वसुधा सेठी खटल्याचा निकाल लागला. लिहिणारे न्या. अभय ओक, आपले ठाण्याचे. अमेरिकेत जन्मलेल्या तीन वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेसाठी आई २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात घेऊन आली. वडिलांनी लेखी संमती दिली होती आणि त्यात मुदत लिहिली होती: २६ सप्टेंबर २०१९ पर्यंत. आई परतली नाही. आर्कान्सातल्या कोर्टाने हुकूम दिला, पुढे भारतात खटला झाला, आणि सुप्रीम कोर्टाने मुलाला अमेरिकेला पाठवले. ठरलेली मुदत उलटून मुलाला ठेवून घेतल्यामुळे ते त्या पत्रापुरतेच आले होते, कायमचे नाही, हे कोर्टाने धरले. पण ओक यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, ती मला फार महत्त्वाची वाटते. आईने अमेरिकेत जाऊन राहावे, अशी सक्ती कोर्ट करू शकत नाही. तिचे आयुष्य तिचे आहे. तिने जायचे ठरवले तर खर्चाची आणि राहण्याची सोय वडिलांनी करायची. म्हणजे मूल परत जाईल, आईने जायचे की नाही हे तिने ठरवायचे. कागदावर हे न्यायाचे आहे. एखादी आई ते कसे ठरवत असेल, हे निकालपत्रात कुठून येणार?

आपल्या सभासदांना उपयोगी पडेल असे थोडे. अमेरिकेतून बाहेर जाताना विमानतळावर पासपोर्टाची सरकारी तपासणी नसते, तेव्हा तिथे कोणी मूल अडवेल या भरवशावर राहू नये. मुलाच्या अमेरिकन पासपोर्टासाठी २००१ पासून चौदा वर्षांखाली आणि २००८ पासून सोळा वर्षांखाली दोन्ही पालकांची संमती लागते. आपल्या मुलासाठी कोणी पासपोर्टाचा अर्ज केला तर कळावे, यासाठी परराष्ट्र खात्याकडे नाव नोंदवता येते, त्याला पैसे पडत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर देश सोडण्याआधी इथल्याच कोर्टातून संरक्षणाचा हुकूम मिळतो, आणि मूल घेऊन जाण्याची परवानगीही मागता येते. परवानगी मिळेलच असे नाही. पण मागितल्याची नोंद राहते, आणि पुढे दोन्ही देशांत ती बोलते. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे नंबर मंडळाच्या यादीत आहेत. फोन केला म्हणून तुमचे नाव कोणाला कळत नाही, कमिटीलाही नाही.

त्या भगिनीच्या प्रश्नाला मी तेव्हा "लिहा ना, काय बिघडतंय," असे उत्तर दिले होते. आज मी तिला आधी विचारले असते, घरी सगळे ठीक आहे ना? ती आणि तिची मुले गेल्या जूनमध्ये परतली. कोजागिरीला भेटली, मसाला दूध गाळायला मदत केली, या विषयावर आम्ही बोललो नाही. त्या गृहस्थांचा खटला पुण्यात चालू आहे. मुलगी आता दुसरीत आहे, मराठी माध्यमात. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर दहा मिनिटे बोलते, आणि ते म्हणतात तिचे मराठी आता त्यांच्यापेक्षा चांगले झाले आहे.

संमतिपत्राचा नमुना बदलून घेतला आहे. जुन्या प्रती कोणाकडे असतील तर त्या वापरू नयेत. नव्या नमुन्यात जाण्याची आणि परतीची तारीख, भारतातला पत्ता, आणि तारीख बदलायची असल्यास दोघांच्या सह्यांसाठी वेगळी ओळ आहे. हवा असल्यास मंडळाच्या नंबरवर संध्याकाळी सातनंतर फोन करावा.